स्वतःच स्वतःला दिलेला दाखला

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकूनच. गुडघे टेकणार होतो, पण उजवा सध्या टेकत नाही. का टेकत नाही, ते पुढे ओघाने येईल.) तुझी कंबर कशी आहे? पट्टा लावतेस, की तो कपाटात ठेवून "आहे ना माझ्याकडे पट्टा" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेस? काकांना ऐकू येत नाही की ते ऐकत नाहीत, या तुमच्या जुन्या वादावर कानाच्या डॉक्टरांनी काही निकाल दिला का? दिला असेल तर तो कुणाच्या बाजूने लागला हे कळव, म्हणजे मी त्याप्रमाणे दुसऱ्याला सहानुभूतीचं पत्र टाकतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आई ठीक आहे. माझं काय आहे हे सांगायलाच हे पत्र.

तू म्हणशील, फोन होता की. होता. पण फोनवर तू आधी माझं वजन विचारतेस, मग लग्नाचं विचारतेस, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की कुकर झाला म्हणून ठेवून देतेस. शिवाय ही हकिगत लेखी कळवायची आहे, असं मला बजावण्यात आलं आहे. कुणी बजावलं, तेही पुढे येईल.

मी कॉम्प्युटर बसवण्याच्या धंद्यात आहे हे तुला ठाऊक आहे. तू ते लोकांना "आमचा भाचा टीव्ही दुरुस्त करतो" असं सांगतेस, हेही मला ठाऊक आहे. असो. आजवर मालक मला प्रिंटरमध्ये शाई भरायला आणि माउसखालचा मळ काढायला पाठवायचे. गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा एक आख्खं काम माझ्या एकट्याच्या जिवावर सोडलं. सोडताना म्हणाले, "हे नीट झालं तर पुढची सगळी मोठी कामं तुझी. नाही झालं तर शाई आहेच." काम होतं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीतलं. (आपल्याच गावातली. मोठ्या रस्त्यावरची दगडी पायऱ्यांची दुमजली इमारत. तू तिथे एकदा गेली आहेस. आठवत नसेल तर लवकरच आठवेल.) वरच्या मजल्यावर लांबलचक दालन, त्यात चव्वेचाळीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक नवाकोरा कॉम्प्युटर. तळघरात लोखंडी मांडण्यांवर शंभर वर्षांची रजिस्टरं, आणि त्यांच्या मधोमध एका जाळीच्या पिंजऱ्यात मुख्य मशीन, म्हणजे सर्व्हर. वरच्या चव्वेचाळिसांनी जे काही विचारायचं ते या खालच्याला विचारायचं, अशी योजना.

आता कचेरीच्या प्रमुखबाई. त्यांना सगळी कचेरी पाठीमागे दाखलेबाई म्हणते, म्हणून मीही तेच लिहितो. वय तुझ्याएवढं असेल (म्हणजे तू सांगतेस तेवढं). कुठलाही कागद त्या खालून वर वाचतात. आधी सही, मग तारीख, मग मजकूर, आणि सही पसंत पडली नाही तर मजकुरापर्यंत जातच नाहीत. त्यांच्या टेबलावरचा स्टेपलर दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेला आहे. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चुकीचा दाखला गेलेला नाही. एकदा एक गृहस्थ स्वतःच्या मृत्यूची नोंद करायला स्वतःच आले होते म्हणे. अर्ज बिनचूक भरलेला, सगळे कागद जोडलेले. बाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि "अर्जदाराचा मयताशी संबंध" या रकान्यात त्यांनी "स्वतः" लिहिलंय, तेवढ्यावरून अर्ज परत केला. तेव्हापासून बाईंना "स्वतः" या शब्दाचीच ॲलर्जी आहे. ही गोष्ट मला आधी कळती तर बरं झालं असतं.

तर काम असं. नव्या कॉम्प्युटरवर नुसता कॉम्प्युटर चालू करून भागत नाही. त्याला त्याची सगळी व्यवस्था घालावी लागते, त्याला सेटअप म्हणतात. आणि ती घातल्यावर त्याला एक सुरक्षा दाखला द्यावा लागतो. हा दाखला म्हणजे काय, तर वरच्या मशीनने खालच्या सर्व्हरशी बोलताना समोर आहे तो खरा सर्व्हर की कुणी तोतया, हे ओळखायची खूण. दाखला नसला की मशीन घाबरतं आणि लाल पडदा टाकून म्हणतं, हे ठिकाण भरवशाचं नाही, परत फिरा. (मला विचारशील तर अशी सोय माणसांनाही हवी होती.) माझ्याआधी हे काम करणारे गृहस्थ प्रत्येक मशीनपुढे बसून सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं देत आणि मग दाखला हाताने घालत. एका मशीनला अर्धा दिवस. शेवटी त्यांचा अंगठा कामातून गेला आणि आता ते डाव्या हाताने सही करतात.

मी ठरवलं, हे असं नाही करायचं. आजकाल बिनमाणसाचा सेटअप करता येतो. सेटअप जे जे प्रश्न विचारतो, भाषा कुठली, घड्याळ कुठलं, मशीनचं नाव काय, त्या सगळ्यांची एक उत्तरपत्रिका आधीच लिहून पेनड्राइव्हमध्ये ठेवायची. तिच्या शेवटी एक ओळ टाकायची, की सगळं आटोपलं की हा दाखला विश्वासातल्या दाखल्यांच्या कप्प्यात नेऊन ठेव. पेनड्राइव्ह लावा, एक बटण दाबा आणि जेवायला जा. मी चव्वेचाळीस पेनड्राइव्ह तयार केले, बिस्किटांच्या डब्यात भरले, मंगळवारी तळघरातला सर्व्हर बसवून ठेवला आणि गुरुवारी सकाळी कचेरीत हजर झालो. दारावर पाटी लागली होती, "चार दिवस कामकाज बंद. सोमवारी नव्या यंत्रांवर सुरू." जुनी मशीनं भंगारात गेली होती. म्हणजे मागे फिरायची वाट नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी चव्वेचाळीसही मशीनं लाल झाली. कारण मी शहाण्याने दाखल्याची फाइल सर्व्हरवर ठेवली होती, आणि उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की तिथून घे. मशीन सर्व्हरकडे गेलं, आणि आपल्याकडे दाखला नाही म्हणून सर्व्हरवर विश्वास ठेवेना. विश्वास ठेवायचा तर दाखला हवा, आणि दाखला सर्व्हरच्या पोटात. मागे तू घराला कुलूप लावून किल्ली आत फ्रिजवर ठेवली होतीस, आणि काकांना खिडकीतून आत ढकललं होतंस, हुबेहूब तसं. फक्त मशीनला खिडकी नव्हती आणि माझ्याकडे काका नव्हते.

शुक्रवारी मी दाखला पेनड्राइव्हमध्येच घातला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा लाल. दुपारभर डोकं धरून बसल्यावर कळलं की दाखला गेला होता, व्यवस्थित गेला होता, पण मशीनच्या कप्प्यात न जाता वापरणाऱ्याच्या खाजगी कप्प्यात गेला होता. आणि सेटअपच्या वेळचा वापरणारा हा निव्वळ हंगामी इसम असतो. काम झालं की त्याला पुसून टाकतात. म्हणजे मी दाखला त्याच्या खिशात घातला आणि तो खिशासकट घरी गेला. उत्तरपत्रिकेत एक शब्द बदलायचा होता. त्या एका शब्दापायी चव्वेचाळीस मशीनं दोनदा जन्माला आली. (चहा मात्र चांगला मिळाला. रखवालदार करतात.)

शनिवारचं सगळं त्या रखवालदारांनी केलं, चहाही आणि बाकीचंही. मनाने फार मऊ माणूस. अंगाने कपाटाएवढे, आवाज लहान बाळ झोपलंय असा. त्यांच्या वहीत एक नियम आहे, "चालू यंत्र माणसाशिवाय सोडू नये." मी त्यांना समजावलं की हा बिनमाणसाचा सेटअप आहे, त्यात माणूस नसणं हाच मुद्दा आहे. ते म्हणाले, "असेल. पण कुठला माणूस नसला पाहिजे, ते नियमात दिलेलं नाही. तुम्ही जेवून या, मी बसतो." मी विचार केला, बसतील तर बसू देत, बसण्याने काय बिघडतंय. सगळ्या मशीनना पेनड्राइव्ह लावले, एकेक बटण दाबलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर सगळी मशीनं अकरा टक्क्यांवर. दीड तासात निदान साठ टक्के व्हायला हवे होते. म्हटलं, नवी आहेत, बुजली असतील. बाहेर जाऊन चहा पिऊन आलो तर नऊ टक्के. मावशी, पुढे जाण्याऐवजी मागे जाणारा सेटअप मी जन्मात पाहिला नव्हता. मी पेनड्राइव्ह बदलून पाहिले, तारा हलवून पाहिल्या, मालकांना फोन केला. मालक म्हणाले, "शाईच्या बाटल्या कालच आल्यात."  मग मी रखवालदारांना येतो म्हणून सांगितलं आणि न जाता दाराजवळच्या कपाटामागे उभा राहिलो.

वीस मिनिटं ते शांत बसून होते. मग पहिल्या मशीनने सेटअपचा एक टप्पा संपवला, स्वतःला बंद करून पुन्हा चालू केलं, आणि त्याच्या पडद्यावर ती नेहमीची ओळ आली: पेनड्राइव्हवरून सुरुवात करायची असेल तर कोणतंही बटण दाबा. आता ही ओळ फक्त पहिल्या वेळी पाळायची असते. दुसऱ्या वेळी कुणी काही दाबायचं नाही, मशीन चार सेकंद वाट पाहतं आणि आपलं आपण पुढे जातं. दाबलं, तर केलेलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू होतं. (बिनमाणसाचं असल्यामुळे "खरंच पुसू का" असंही विचारत नाही. त्याचंही उत्तर मीच लिहून ठेवलं होतं: खुशाल पूस.) रखवालदार उठले. हात पाठीमागे बांधून, वर्गातून फिरणाऱ्या मास्तरांसारखे त्या मशीनपाशी गेले, पडदा वाचला आणि हलकेच एक बटण दाबलं. मग दुसरं मशीन, तिथे वेगळं बटण. तिसऱ्याला आणखी वेगळं. पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, कोणतंही म्हणतात, मग सगळ्या बटणांना संधी मिळायला नको का.

मी ओरडत कपाटामागून धावलो. मधे तार होती. उजवा गुडघा तो तिथलाच.

त्यांनी मला उचलून खुर्चीत बसवलं आणि गुडघ्यावर थंड पाण्याची बाटली धरली. त्यांचा चेहरा बघून मला त्यांच्यावर रागावता येईना. ते म्हणाले, "एवढं नम्रपणे विचारतंय, दाबा म्हणून. खोलीत दुसरं कुणी नाही. मी नाही दाबणार तर कोण दाबणार?" मी म्हटलं, कुणीच दाबायचं नसतं. त्यावर ते म्हणाले, "मग विचारतं कशाला?" 

शेवटी तोड अशी निघाली की नियमाप्रमाणे ते खोलीत बसतील, पण दोन्ही हातांत चहाचे भरलेले कप धरून. सेटअप संपेपर्यंत त्यांनी ते कप खाली ठेवले नाहीत. चहा गार झाला, पण माणसाने शब्द पाळला. साडेपाच वाजता पहिलं मशीन उघडलं आणि सर्व्हरशी बोललं. लाल नाही. दुसरं, तिसरं, एकेक करत चव्वेचाळीसही. कोपऱ्यात छोटंसं कुलूप, बंद, शांत. मला इतका आनंद झाला की मी लंगडत दालनाला दोन फेऱ्या मारल्या, आणि रखवालदार कप हातात घेऊन माझ्यामागून.

रविवारी सकाळी दहाला दाखलेबाई ताबा घ्यायला आल्या. माझ्या हातात काम पूर्ण झाल्याचा कागद तयार होता, त्यावर त्यांची एक सही हवी होती. (ती सही नेली की मालक खूश, आणि मालक खूश की मोठी कामं.) त्या पहिल्या मशीनपुढे बसल्या. सगळं पाहिलं, पसंत पडलं. मग मला दुर्बुद्धी सुचली. त्यांना आवडेल म्हणून मी म्हणालो, बाई, या मशीनमध्येही दाखला आहे बरं का. त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "दाखवा."

मी उघडून दाखवला. त्यांनी सवयीने खालून वाचायला सुरुवात केली.

"हा कुणाला दिलाय?"

"मूळ केंद्राला. म्हणजे जिथून सगळे दाखले निघतात त्याला."

"कुणी दिलाय?"

"मूळ केंद्राने."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे यांनी स्वतःच स्वतःला दाखला दिला."

"हो. तशीच पद्धत असते."

"सही?"

"त्यांचीच."

"साक्षीदार?"

"नसतो."

"मुदत?"

"वीस वर्षं."

मावशी, खोलीतली हवा गार झाल्यासारखी वाटली. मी घाईघाईने समजावू लागलो की बाई, प्रत्येक दाखल्याला वरच्या कुणाचा तरी दाखला लागतो, त्याला त्याच्या वरच्याचा, पण कुठेतरी थांबावं लागतं ना. सगळ्यात वरच्याला दाखला कोण देणार? तो स्वतःच देतो. त्याच्यावर आपण नुसता विश्वास ठेवायचा असतो. बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठेवायला हरकत नाही. पण कुणावर ठेवायचा ते बघून ठेवीन. हे मूळ केंद्र कुठे असतं?"

"तुमच्याच तळघरात. सर्व्हरमध्ये."

"तिथे ते कुणी बसवलं?"

"मी. मंगळवारी दुपारी."

"म्हणजे मूळ केंद्र म्हणजे तुम्ही."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि अजूनही यात मला चूक सापडलेली नाही. मी आणि बिस्किटांचा डबा, दोघंच होतो तळघरात. बाई म्हणाल्या, "चव्वेचाळीस मशीनं तुमच्या भरवशावर चालणार, तर तुमची कागदपत्रं बघायला हवीत. जन्म कुठला?" मी छाती पुढे काढून सांगितलं, इथलाच, तुमच्याच रजिस्टरात आहे, दोन मार्च. त्या म्हणाल्या, "चला खाली."

तळघरात त्यांनी माझ्या वर्षाचं रजिस्टर काढलं. मार्च उघडला, नोंद नाही. मार्च पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पाहिला, नाही.  रखवालदार कंदिलासारखी बॅटरी धरून उभे होते, त्यांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मग बाईंनी फेब्रुवारीचं शेवटचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. होतो मी. आईचं नाव बरोबर, वडिलांचं बरोबर, वजन बरोबर. जन्मतारीख: तीस फेब्रुवारी.

खबर देणाराची सही: तुझी. ओळखू आली, शेवटच्या अक्षराचं शेपूट पुढच्या रकान्यात गेलेलं. नातं: मावशी. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे कुणी कधीच काही लिहीत नाही, तिथे तू लिहिलं आहेस, "नाक आमच्या घरचं."

आई नेहमी सांगते की तू तेव्हा दोन दिवस झोपली नव्हतीस, वडील परगावी होते, आणि नोंद करायला तू एकटी गेलीस. मी फेब्रुवारी अठ्ठाविसाला संपल्यावर दोन दिवसांनी झालो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तुझा हिशोब चुकला नव्हता, फक्त महिना संपला होता. समोरच्या कारकुनाने ते तसंच उतरून घेतलं, बहुधा तोही झोपला नसावा. पुढे शाळेत आईने तोंडी दोन मार्च सांगितलं, आणि माझे बाकीचे सगळे कागद त्या शाळेच्या कागदावरून निघाले. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाच्या खांद्यावर उभा आहे, आणि सगळ्यात खालचा उभाच नाही." खात्री करायला त्यांनी वर येऊन मीच बसवलेल्या मशीनमध्ये माझी तारीख घातली. मशीनने लाल अक्षरांत उत्तर दिलं: अशी तारीख नाही. तीन दिवस मी त्या मशीनची उत्तरं लिहीत होतो, पण हे उत्तर त्याने स्वतःच्या मनाने दिलं.

मी रडकुंडीला आलो होतो, लपवत नाही. म्हटलं बाई, उद्या दारात लोक उभे राहतील, कडेवर बाळं घेऊन, आणि जुनी मशीनं भंगारात गेली. त्या म्हणाल्या, "ते मला दिसतंय. पण जन्म न झालेल्या माणसाच्या भरवशावर मी वीस वर्षं सही करणार नाही."  मग म्हणाल्या, "आमच्याकडे तात्पुरता दाखला असतो. पंधरा दिवसांचा. बाळाचं नाव ठरलेलं नसलं, एखादा कागद यायचा असला, की देतो. तुमचं मूळ केंद्र मी पंधरा दिवस मानते. तेवढ्या मुदतीचा दाखला करा. नोंद दुरुस्त झाली की पुढचं बघू, तुमच्या कागदावरची सहीही तेव्हाच."

मग मी रविवारी दुपारी पंधरा दिवसांच्या मुदतीचं नवं मूळ केंद्र बनवलं, चव्वेचाळीस पेनड्राइव्ह नव्याने भरले, रखवालदारांच्या दोन्ही हातांत कप दिले आणि चौथ्यांदा तोच संसार मांडला. या खेपेला एकही चूक झाली नाही. (बाई शेजारच्या टेबलावर बसून उत्तरपत्रिका वाचत होत्या, खालून वर. दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या.) सोमवारी दार उघडलं. पहिली आली ती एक जोडी, नऊ दिवसांची मुलगी घेऊन. बाप इतका घाबरलेला की त्याने आधी स्वतःचंच नाव मुलीच्या रकान्यात सांगितलं. मशीनने सर्व्हरला विचारलं, सर्व्हरने सांगितलं, लाल काही झालं नाही, आणि दाखला बाहेर आला. बाईंनी तो दोनदा वाचला, सही केली आणि त्या आईच्या हातात दिला. आईने मुलीला सांगितलं, "बघ, आता तू आहेस." मी कोपऱ्यात गुडघा चोळत उभा होतो. मला त्या मुलीचा थोडा हेवा वाटला.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार सांग, मोठ्याने. मांजरीला पिल्लं झाली असं आई म्हणत होती, त्यांची नोंद कुठे करावी लागत नाही हे त्यांचं भाग्य. तब्येतीला जप.

तुझा (असं सर्वजण मानतात) भाचा

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहितो. नोंद दुरुस्त करायला मूळ खबर देणाराने समक्ष येऊन जबाब द्यावा लागतो. म्हणजे तू. पंधरा दिवसांपैकी चार गेले. या पत्राच्या तारखेपासून अकराव्या दिवशी, सोमवारी दुपारी ठीक चार वाजता दाखल्याची मुदत संपेल आणि चव्वेचाळीस मशीनं एकदम लाल होतील. त्या वेळी दालनात साधारण साठ बाळं असतील. त्याआधी ये. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, मधला मजकूर वाचला नाहीस तरी चालेल.

ता. क. दुसरा : येताना तुझी स्वतःची जन्माची नोंदही बरोबर असावी लागते, म्हणून बाईंनी तीही काढली. माझ्या नोंदीत तू तुझं वय एकोणीस लिहिलं आहेस. तुझ्या नोंदीप्रमाणे तू तेव्हा चोवीस होतीस. गेल्या वर्षी आम्ही तुझी पन्नाशी केली, केकवर मेणबत्त्या मी स्वतः मोजून लावल्या होत्या, त्या पाच कमी पडल्या म्हणायच्या. मी कुणालाही बोललो नाही. तू आलीस तर पुढेही बोलणार नाही. आईचं रजिस्टरही शेजारीच होतं, पण ते मी उघडलं नाही, कारण मला संध्याकाळचं जेवण घरीच मिळतं.

ता. क. तिसरा : पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात बाई आल्या. खबर देणाराला लेखी कळवलं का, हे बघायचं म्हणाल्या, आणि त्यांनी हे पत्र वाचलं, खालून वर, त्यामुळे दुसरा ता. क. त्यांनी सगळ्यात आधी वाचला आणि बराच वेळ खोकत होत्या. नोंद सदोष असलेल्या माणसाचं पत्र असं नुसतं पाठवता येत नाही असं त्यांचं मत पडलं. म्हणून खाली त्यांनी आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत.

"वरील पत्र माझ्यासमोर पाकिटात घातले. त्यातील माझ्याविषयीचा मजकूर वाढवून सांगितलेला आहे. स्टेपलर मात्र बांधलेला आहे. पत्र लिहिणारा इसम जिवंत आहे, हे मी समक्ष पाहिले आहे. तो जन्मला कधी, ते आपण येऊन सांगावे."